सुवाह्य पाणबुडी पंप : सुरक्षित वापर आणि दोषनिदान – एक विवेचन

प्रस्तावना :

पाणी मिळविणे आणि नको तेथून पाणी काढून टाकणे या दोन्ही गरजांसाठी मानवाने फार प्राचीन काळापासून साधने योजिली आहेत. आपल्याकडे मोट आणि रहाट यांनी शतकानुशतके हे काम केले. पुढे ऑईल इंजिन आले, विद्युत मोटार आली आणि विहिरीवरची मोट इतिहासजमा झाली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीने तर लोखंडी नांगराबरोबरच पंपनिर्मितीचाही वारसा महाराष्ट्राला दिला. आज एका हाताने उचलता येईल असा, पाण्यात बुडवून चालविता येणारा छोटा विद्युत पंप घरोघरी, गृहनिर्माण संस्थांमध्ये आणि महाविद्यालयांमध्येही आढळतो. ग्रामीण भागात मोठ्या सबमर्सिबल पंपाला 'पाणबुडी मोटार' असे समर्पक नाव आहे. प्रस्तुत लेखात तिच्या या लहान, सुवाह्य भावंडाचा विचार केला आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण काहीसे व्यक्तिगत आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील ग्रंथालयाच्या तळघरात गुडघाभर पाणी साचले. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आणि दाखलनोंद रजिस्टरे खालच्या मांडणीत होती. सर्वांची घाई चाललेली. ज्यांना सारे महाविद्यालय 'मामा' म्हणते त्या ज्येष्ठ शिपायांनी गोदामातून पंप आणून पाण्यात सोडला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सर, पाण्यात पाय ठेवला की जरा मुंग्या येतात; पण चालतंय." पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या लेखकाने त्यावर "चालू द्या, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे" असे उत्तर दिले. पाचच मिनिटांत मामांनी पंप सरकविण्यासाठी एका हाताने खिडकीचा लोखंडी गज धरला आणि दुसरा हात पंपाच्या मुठीला लावला. ते गजालाच चिकटले. कार्यालयातील एका लिपिकाने प्रसंगावधान राखून मुख्य स्विच बंद केला, म्हणून ते वाचले. नंतर तपासले तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. प्लगची जाड पिन कापून टाकलेली होती आणि केबलला चिकटपट्टी गुंडाळून दिलेला जोड पाण्याखाली होता.

वर्गात ओहमचा नियम शिकविणे आणि तो तळघरात आठवणे यांत अंतर असते, हे त्या दिवशी कळले. ते अंतर कमी करण्याचा हा एक प्रयत्न आहे.

उद्दिष्टे :

१) सुवाह्य पाणबुडी पंपाची रचना व कार्यतत्त्व समजून घेणे.
२) पाण्यात विद्युत उपकरण वापरताना निर्माण होणाऱ्या धोक्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) पंपाच्या सुरक्षित वापराची पद्धती मांडणे.
४) नेहमी आढळणाऱ्या बिघाडांचे क्रमबद्ध निदान कसे करावे हे सांगणे.
५) शैक्षणिक संस्थांसाठी काही व्यवहार्य सूचना करणे.

१. रचना आणि कार्यतत्त्व :

पाणी उपसण्यासाठी वापरला जाणारा सुवाह्य पंप सामान्यतः अर्धा ते एक अश्वशक्तीचा, एकफेजी, २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर चालणारा असतो. त्याचे मुख्य भाग असे : जलरोधक कवचात बंद केलेली मोटार, मोटारीच्या दांड्यावर बसविलेला इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारा पंखा, दांडा जेथून बाहेर येतो तेथे पाणी आत शिरू न देणारे मेकॅनिकल सील, पुष्कळ पंपांत या सीलजवळ असणारी तेलाची कोठडी, तळाशी कचरा अडविणारी जाळी, पाण्याच्या पातळीनुसार मोटार चालू-बंद करणारा तरंगता स्विच, अर्थात फ्लोट, आणि वरच्या बाजूस पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंड.

जमिनीवर ठेवलेला पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळीतील दाब कमी करतो आणि वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. त्यामुळे कितीही मोठी मोटार लावली तरी जमिनीवरचा पंप प्रत्यक्षात सहा-सात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी घेऊ शकत नाही. शिवाय सुरुवातीला त्याच्या नळीत पाणी भरावे लागते. पाणबुडी पंपाला या दोन्ही अडचणी नाहीत. तो पाण्यातच असल्याने पाणी आपोआप इम्पेलरपर्यंत येते आणि पंप ते केवळ वर ढकलतो. आणखी एक लाभ म्हणजे भोवतालचे पाणी मोटारीला थंड ठेवते. मात्र हाच लाभ पाणी संपल्यावर तोटा ठरतो, हे पुढे दिसून येईल.

पंप किती पाणी देईल हे त्याला ते किती उंच चढवावे लागते यावर अवलंबून असते. या उंचीला तांत्रिक भाषेत हेड म्हणतात. पंपाच्या पट्टीवर 'कमाल हेड' आणि 'कमाल विसर्ग' असे दोन आकडे छापलेले असतात आणि ग्राहक ते दोन्ही एकाच वेळी मिळतील असे समजतो. वास्तविक कमाल हेडला विसर्ग शून्य असतो आणि कमाल विसर्ग जवळजवळ शून्य हेडला मिळतो. १२ मीटर कमाल हेडचा पंप १२ मीटर उंचीच्या गच्चीवर एक थेंबही टाकणार नाही. पंप निवडताना प्रत्यक्ष उंचीवर तो किती लिटर देतो हे उत्पादकाच्या आलेखावरून पाहणे आवश्यक आहे.

उंचीइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे नळीतील घर्षण. ठरावीक विसर्गासाठी घर्षणाने वाया जाणारे हेड हे स्थूलमानाने नळीच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. याचा अर्थ असा, की ५० मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची नळी लावली तर तोच विसर्ग राखण्यासाठी घर्षण सुमारे ३२ पट होईल. बागेची बारीक नळी जोडून "पंपात दम नाही" अशी तक्रार करणाऱ्यांना याचे भान नसते.

उपशाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज सोप्या गणिताने येतो. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद खोलीत अर्धा मीटर पाणी असेल तर ते ३० घनमीटर, म्हणजेच ३०,००० लिटर होते. पंप त्या उंचीवर मिनिटाला १५० लिटर देत असेल तर २०० मिनिटे, अर्थात तीन तास वीस मिनिटे लागतील. हा हिशेब आधी मांडला की 'अर्ध्या तासाचा प्रश्न' हे शब्द तोंडातून निघत नाहीत, आणि घाईपोटी घेतलेले धोकेही टळतात.

२. विद्युत धोक्याचे स्वरूप :

शरीरातून जाणारा प्रवाह सुमारे एक मिलिअँपिअर झाला की मुंग्या जाणवतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातात धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस ते पन्नास मिलिअँपिअरच्या वर, प्रवाह थोडा वेळ जरी टिकला तरी, हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवण्याचा संभव असतो. कोरडी त्वचा बराच रोध देते. पाण्यात उभ्या असलेल्या, ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध मात्र सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्ट भागिले १,००० ओहम म्हणजे २३० मिलिअँपिअर. हा आकडा घातक मर्यादेच्या कितीतरी पुढचा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अत्यावश्यक वाटते. "आमच्याकडे एमसीबी आहे, काही झाले तर पडेल," असे सर्रास म्हटले जाते. १६ अँपिअरची एमसीबी ही १६ अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहिला तरच पडते. माणसाचा जीव घेणारा प्रवाह एक-चतुर्थांश अँपिअरहूनही कमी असतो. एमसीबीच्या दृष्टीने तो नगण्य आहे. एमसीबी तारांचे आणि इमारतीचे रक्षण करते. माणसाचे रक्षण करणे हे तिचे काम नाही.

हे काम आरसीसीबी करते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. दोन्ही समान असतील तर सर्व ठीक. काही प्रवाह पाण्यातून, जमिनीतून वा माणसाच्या देहातून भलत्या वाटेने गेला तर तेवढा फरक पडतो, आणि तो ३० मिलिअँपिअरला पोहोचेपर्यंत ती पुरवठा तोडते. ३० मिलिअँपिअरला तिने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, तर त्याच्या पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात तुटणे अपेक्षित असते. पाण्यात चालणाऱ्या पंपासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ही अनिवार्य गोष्ट मानली पाहिजे.

मग अर्थिंग कशासाठी, असा प्रश्न उद्भवतो. अर्थिंग असेल तर पंपाच्या कवचात प्रवाह उतरताच तो अर्थच्या तारेतून जमिनीत जातो आणि कोणी स्पर्श करण्यापूर्वीच आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल तर ती पडण्यासाठी कोणाला तरी धक्का बसावा लागतो. उलटपक्षी केवळ अर्थिंगही पुरेसे नाही. अर्थच्या खड्ड्याचा रोध १० ओहम असेल तर २३० व्होल्टला केवळ २३ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडेलच असे नाही, आणि तोपर्यंत कवच जिवंतच राहते. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी या दोहोंची जोडी असावी लागते.

तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन इतरांपेक्षा लांब व जाड असते. प्लग लावताना ती प्रथम जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी हा त्यामागील हेतू. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून ती कापणे, किंवा प्लगच न लावता वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये खोचून आगकाडीने घट्ट करणे, या आपल्याकडील नित्याच्या प्रथा म्हणजे सुरक्षिततेची पहिली पायरीच उखडून टाकणे होय. मामांना आलेल्या मुंग्या ही पाण्यात प्रवाह उतरल्याची स्पष्ट पूर्वसूचना होती. अशी सूचना मिळताच एकच कृती योग्य ठरते : पाण्याबाहेर असलेल्या कोरड्या जागेवरून पुरवठा बंद करणे.

३. वापरापूर्वीची तपासणी :

(अ) साचलेल्या पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा. मुख्य फळीच पाण्यात असेल किंवा तिच्यापर्यंत जाण्यासाठी पाण्यातून जावे लागत असेल तर तिला हात न लावता महावितरण वा संबंधित वीज कंपनीकडून पुरवठा बाहेरून तोडून घ्यावा. पंपासाठी वीज कोरड्या, उंच जागेवरील स्वतंत्र सॉकेटमधून घ्यावी.

(आ) आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून ती पडते याची खात्री करावी. न पडल्यास पंप लावूच नये.

(इ) केबल संपूर्ण लांबीभर हाताने व डोळ्यांनी तपासावी. चीर, चिमटा, उंदराने कुरतडलेली जागा किंवा जोड आढळल्यास ती केबल बदलून घ्यावी. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पाण्याखाली कधीही सुरक्षित नसतो.

(ई) लांबविण्याची केबल तीन तारांची आणि पुरेशा जाडीची असावी. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची ५० मीटर लांब केबल घेतली तर जाऊन-येऊन १०० मीटर तारेचा रोध सुमारे १.९ ओहम होतो. एक अश्वशक्तीची मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते, त्यामुळे सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सुरू होतानाचा प्रवाह त्याच्या पाचपट धरला तर ही घट साठ व्होल्टच्या आसपास जाते. इंडक्शन मोटारीचे पीळबल व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर पीळबल ६१ टक्क्यांवर येते. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि तापते. २.५ चौरस मिलिमीटरची केबल वापरल्यास ही घट बरीच कमी होते. केबलचा जोड पाण्यापासून दूर, उंचावर आणि पावसापासून झाकलेला असावा.

(उ) पाण्यात पेट्रोल, डिझेल वा रंगाचे द्रावण मिसळले असल्याची शंका आली, तसा वास आला, तर साधा विद्युत पंप वापरू नये. ठिणगी पडण्याचा धोका असतो.

४. प्रत्यक्ष वापर :

पंप नेहमी त्याच्या मुठीला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने सोडावा व काढावा. केबल धरून पंप लोंबकळविल्यास जेथे केबल कवचात शिरते तेथील रबरी बूच सैल होते आणि पाणी मोटारीत शिरते. दोरी व केबल एकमेकींस सैलसर बांधाव्यात, पण भार दोरीवरच राहावा. पंप उभा ठेवावा. तळाशी गाळ असेल तर विटांवर किंवा छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पाटीत ठेवावा, म्हणजे कचरा दूर राहतो. फ्लोट भिंतीला वा नळीला न अडकता मोकळा तरंगेल अशी जागा निवडावी. उपसलेले पाणी फिरून त्याच जागी येणार नाही इतक्या अंतरावर नळीचे टोक न्यावे. ते टोक बाहेरच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. अन्यथा पंप थांबताच बाहेरचे पाणी उलट दिशेने आत येऊ शकते. हे टाळण्यासाठी नळीत एकदिशा झडप बसविता येते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा : पंप चालू असताना त्या पाण्यात कोणीही उतरू नये आणि हात घालू नये. पंप सरकवायचा असेल, जाळी साफ करायची असेल, तर आधी स्विच बंद करावा, नंतर प्लग काढावा, आणि प्लग स्वतःच्या नजरेसमोर ठेवावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असू शकतो.

पाण्याची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या किमान मर्यादेखाली गेली की पंप बंद करावा. कोरडा चाललेला पंप दोन प्रकारे खराब होतो. मोटार तापते, आणि सीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना पाण्याचे वंगण न मिळाल्याने ती झिजतात. झिजलेल्या सीलमधून पुढच्या वेळी पाणी आत शिरते, आणि यंत्राची हानी अशा रीतीने माणसाच्या धोक्यात रूपांतरित होते.

वीज खंडित असल्यास जनित्र वापरले जाते. जनित्र तळघरात, जिन्याखाली किंवा खिडकीजवळ कधीही ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू रंगहीन व गंधहीन असून बंदिस्त जागेत प्राणघातक ठरतो. विहिरीत इंजिन उतरवून पाणी उपसण्याचा प्रकार याच कारणाने अनिष्ट आहे. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवू शकते, परंतु ज्योत तेवत असतानाही कार्बन मोनॉक्साईड प्राणघातक प्रमाणात असू शकतो. जनित्राचे अर्थिंग व न्यूट्रलची जोडणी योग्य नसेल तर आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे कार्य करीत नाही, म्हणून ती जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी.

तळघराबाबत आणखी एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असताना तळघरातील पाणी एकदम उपसले तर भिंतीवर केवळ बाहेरून दाब राहतो. दोन मीटर उंचीच्या पाण्याचा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पडणारा जोर सुमारे १९,६०० न्यूटन, म्हणजे अंदाजे दोन टन भाराइतका असतो. आतले पाणी तो तोलून धरीत होते. म्हणून बाहेरचे पाणी ओसरल्यावरच उपसा सुरू करावा, पातळी सुमारे एक-तृतीयांश उतरवून थांबावे, भिंतीवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पातळी पुन्हा चढली असेल तर भूजल अद्याप उतरलेले नाही असे समजून थांबणे श्रेयस्कर.

५. दोषनिदान :

बिघाड शोधताना बाहेरून आत आणि सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रत्येक तपासणीपूर्वी प्लग काढलेला असावा. कवच उघडण्याचे काम मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच आहे. उघडलेल्या कवचाची जलरोधकता घरगुती साधनांनी पूर्ववत होत नाही.

५.१ मोटार मुळीच सुरू होत नाही : प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पुरवठा पाहावा. मग एमसीबी, आरसीसीबी आणि प्लगमधील जोडण्या तपासाव्यात. पुरवठा ठीक असेल तर फ्लोट खाली लोंबकळत आहे काय हे पाहावे. तो वर उचलला जाईल इतके पाणी नसेल तर मोटार सुरू न होणे हेच योग्य आहे. यानंतरही सुरू न झाल्यास दोष केबलमध्ये किंवा मोटारीत समजावा.

५.२ मोटार गुणगुणते पण फिरत नाही : इम्पेलर अडकला आहे, व्होल्टता कमी आहे किंवा कपॅसिटर निकामी झाला आहे, ही तीन संभाव्य कारणे. पंप ताबडतोब बंद करावा, कारण या स्थितीत मोटार वेगाने तापते. प्लग काढून तळाची जाळी सोडवावी आणि दोरा, चिंधी, प्लास्टिक, खडे काढावेत. इम्पेलर काठीने मोकळा फिरत असेल तर लांबविण्याची केबल काढून थेट सॉकेटवर चाचणी घ्यावी. तरीही फरक न पडल्यास कपॅसिटर संशयित ठरतो. कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यावरही विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावा.

५.३ मोटार चालते पण पाणी येत नाही : नळीला पीळ पडला आहे काय, जाळी गाळाने बंद झाली आहे काय, एकदिशा झडप उलटी बसविली आहे काय हे पाहावे. हे सर्व ठीक असेल तर इम्पेलरभोवती हवा कोंडली असण्याचा संभव आहे. पुरवठा बंद करून पंप पाण्यात तिरपा करावा, बुडबुडे निघून जाऊ द्यावेत आणि कवचावरील हवेचे बारीक छिद्र मोकळे करावे. उंची कमाल हेडच्या जवळ असेल तर दोष पंपाचा नसून निवडीचा आहे.

५.४ पाणी कमी येते : बारीक किंवा फार लांब नळी, गळणारा सांधा, अर्धवट चोंदलेली जाळी, कमी व्होल्टता आणि झिजलेला इम्पेलर या क्रमाने तपासावे. वाळूमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपांत इम्पेलर लवकर झिजतो. मोठ्या त्रिफेजी पंपात फेजचा क्रम बदलल्यास मोटार उलटी फिरते व पाणी कमी येते. दोन फेज परस्पर बदलून घेतले की ती सुलट फिरते. हे काम परवानाधारक वीजतंत्रीने करावे.

५.५ थोडा वेळ चालून बंद पडतो आणि पुन्हा आपोआप सुरू होतो : मोटारीतील उष्णता-संरक्षक स्विच कार्य करीत असल्याचे हे लक्षण आहे. पाणी कमी पडणे, इम्पेलरवर भार येणे अथवा व्होल्टता अयोग्य असणे ही त्याची कारणे. येथे मोठा धोका असा, की बंद पडलेला पंप बिघडला असे समजून माणूस हात घालतो आणि थंड झालेली मोटार त्याच क्षणी सुरू होते. म्हणूनच प्लग काढण्याचा नियम.

५.६ आरसीसीबी वारंवार पडते : हा दोष आरसीसीबीचा आहे असे मानून तिला वगळून थेट जोडणी करण्याचा मोह होतो. हा मोह जीवघेणा आहे. प्रथम लांबविण्याची केबल एकटी तपासावी. ती ठीक असेल तर पंपात गळती आहे असे समजावे. तंत्रज्ञ ५०० व्होल्टच्या मेगरने निरोधन-रोध मोजतो; तो एक मेगओहमपेक्षा कमी आढळल्यास पंप वापरातून काढावा. तेलाच्या कोठडीतील तेल दुधाळ झाले असेल तर सीलमधून पाणी शिरल्याचे ते निश्चित चिन्ह होय.

५.७ पंप बंदच होत नाही : फ्लोट अडकला आहे किंवा त्याचा आतील स्विच चिकटला आहे. पंप कोरडा चालू नये म्हणून कोणीतरी लक्ष ठेवणे अगत्याचे. फ्लोट आहे म्हणून पंप रात्रभर एकटा सोडणे योग्य नव्हे.

६. वापरानंतरची निगा :

गढूळ पाणी उपसल्यानंतर पंप काही मिनिटे स्वच्छ पाण्याच्या पिंपात चालवावा, म्हणजे इम्पेलरवरील गाळ निघतो. मग प्लग काढून तो पुसून, सावलीत वाळवून उभा ठेवावा. केबल तीव्र वळणे न देता गुंडाळावी. वर्षभर पडून राहिलेल्या पंपाचे सील चिकटते व इम्पेलर गंजून अडकतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तो पाण्यात बुडवून मिनिटभर चालवावा.

७. अपघात झाल्यास :

धक्का बसलेल्या व्यक्तीला हात लावू नये व पाण्यात धाव घेऊ नये. प्रथम पुरवठा तोडावा. ते तत्काळ शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्या व्यक्तीला वा तारेला दूर करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास व हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. प्रशिक्षण घेतलेले असल्यास दर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. व्यक्ती उठून बसली तरी तिला रुग्णालयात नेणे टाळू नये; हृदयावरील परिणाम वरवर दिसत नाहीत.

निष्कर्ष व सूचना :

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की या पंपाचे बहुतेक अपघात यंत्राच्या गुंतागुंतीमुळे होत नाहीत. कापलेली पिन, पाण्याखालचा जोड, वगळलेली आरसीसीबी आणि चालू पंपाला लावलेला हात अशा साध्या व टाळता येण्याजोग्या कारणांनी ते होतात. त्याचप्रमाणे बहुतेक बिघाडही जाळी, नळी, फ्लोट व केबल या बाहेरच्या भागांतच असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत नोंदलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेचा आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा महापूर पाहता, पाणी उपसण्याची वेळ आपल्यावर पुन्हा येणार हे गृहीत धरलेच पाहिजे. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) प्रत्येक महाविद्यालयाने डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेल्या पंपाची मृग नक्षत्रापूर्वी पाण्यात चालवून व निरोधन-रोध मोजून तपासणी करावी आणि तिची तारीख पंपावर चिकटवावी.
२) तळघर, प्रयोगशाळा व जलटाकीजवळील सॉकेटांना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.
३) पंप हाताळण्याची जबाबदारी दोन प्रशिक्षित व्यक्तींवर लेखी सोपवावी. एकाने पंपाजवळ तर दुसऱ्याने स्विचजवळ थांबावे.
४) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत या विषयाचे व प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक ठेवावे. पदार्थविज्ञान विभागाने यात पुढाकार घ्यावा.
५) ग्रंथालयातील दुर्मीळ सामग्री तळमजल्यावर वा तळघरात न ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

समारोप :

महाविद्यालयात अशी कामे ज्यांच्यावर सोपविली जातात त्यांना बहुधा ओहमचा नियम शिकण्याची संधी मिळालेली नसते. आणि ज्यांना तो ठाऊक असतो ते काठावर उभे राहून सूचना देतात. जाणणारा आणि करणारा यांच्यातील ही फारकतच अनेकदा अपघाताचे मूळ असते. मामा पुढे आठवडाभराने कामावर रुजू झाले. त्यांच्या उजव्या तळहातावर गजाचा व्रण आजही आहे. मुंग्या येतात असे सांगून त्यांनी अचूक निरीक्षण नोंदविले होते. त्याचा अर्थ लावण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नाही.